ब्रुकलिनचा जॉन डेव्हिस आणि आपले खाशाबा



‘हेलसिंकी १९५२’ असं म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडून पुढचं नाव आपोआप येतं, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान. २३ जुलै १९५२ला त्यांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवलं आणि स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक आपल्या सातारा जिल्ह्यात आलं. ही गोष्ट आपण इथे अमेरिकेत मुलांना सांगतो, गणेशोत्सवात सांगतो, या कार्यक्रमातही ती होऊन गेली आहे.

आज मला तिच्या शेजारची गोष्ट सांगायची आहे. हेलसिंकीत कुस्त्या झाल्या त्या मेस्सुहल्ली नावाच्या मोठ्या प्रदर्शन हॉलमध्ये. वेटलिफ्टिंगही तिथेच झालं. खाशाबांच्या पदकानंतर चारच दिवसांनी, २७ जुलैला, तिथे सगळ्यात वजनदार गटाचा, म्हणजे हेवीवेटचा निकाल लागला. सुवर्णपदक मिळालं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका कृष्णवर्णीय माणसाला. त्याचं नाव जॉन डेव्हिस. लंडनच्या १९४८च्या ऑलिंपिकमध्येही त्यालाच सुवर्ण मिळालं होतं. त्याआधीपासून धरलं तर १९३८ ते १९५३ अशी तब्बल पंधरा वर्षं त्याला कुणी हरवलेलं नव्हतं.

आता आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? आपलं सोडा, ज्या देशासाठी तो जिंकला त्या देशात किती जणांना ठाऊक आहे? वेटलिफ्टिंग करणारे लोक त्याला देव मानतात, पण त्यांच्या बाहेर कुणाला विचारून बघा.

जॉन डेव्हिसचा जन्म १२ जानेवारी १९२१चा, लाँग आयलंडवरच्या स्मिथटाउनचा. वाढला ब्रुकलिनमध्ये, आणि वाढवलं आईनं एकटीनं. तो काळ महामंदीचा. व्यायामशाळा, खुराक, उस्ताद असलं काही नशिबात नव्हतं. असं सांगतात की खेळायच्या मैदानावर पोरापोरांत पैज लागली, हा दगड कोण उचलतो? जॉननं उचलला. ते पाहिलं वजन उचलणाऱ्या एका जाणकारानं, आणि तो या पोराला सरावाला घेऊन गेला. आपल्याकडेही असंच होतं की. पारावर बसलेलं एखादं म्हातारं पोराची मांडी बघतं आणि म्हणतं, याला तालमीत घाला रे.

त्यानंतर फार काळ गेला नाही. ऑक्टोबर १९३८मध्ये जागतिक स्पर्धा भरली व्हिएन्नाला. साल नीट लक्षात घ्या. त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळलं होतं. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली जाणार होती. अशा शहरात, वंशश्रेष्ठतेचा डंका पिटणाऱ्या राजवटीच्या झेंड्याखाली, ब्रुकलिनचा सतरा वर्षांचा काळा पोरगा मंचावर चढला आणि ८२.५ किलो वजनगटाचा जगज्जेता होऊन खाली उतरला. सतरा वर्षं! आपल्या घरातली सतरा वर्षांची मुलं तेव्हा कॉलेजचे अर्ज भरत असतात.

इथे थोडं थांबून या खेळाबद्दल सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. तेव्हा वजन तीन प्रकारे उचलत. पहिला प्रेस. बार खांद्यापर्यंत आणायचा आणि मग गुडघे न वाकवता, फक्त हातांच्या जोरावर डोक्यावर ढकलायचा. दुसरा स्नॅच. जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर. तिसरा क्लीन अँड जर्क. आधी खांद्यापर्यंत, मग पायांचा जोर लावून डोक्यावर. प्रत्येक प्रकारात तीन संधी, आणि तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज ज्याची जास्त तो पहिला. यातला प्रेस १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर बंद झाला. लोक कंबरेतून इतके मागे झुकायला लागले की हातांनी ढकललं की अंगानं, हे पंचांना ठरवता येईना. त्यामुळे आज टीव्हीवर आपल्याला दोनच प्रकार दिसतात.

हे सगळं करायला ताकद लागतेच, पण नुसती ताकद पुरत नाही. डेव्हिसचं वजन पुढे साधारण शंभर किलोच्या आसपास गेलं. आजच्या हेवीवेटवाल्यांच्या मानानं हे काहीच नाही. पण त्याच्या चपळाईचं वर्णन जुने लोक आजही करतात.

जगज्जेता झाला तेव्हा सतरा वर्षांचा. म्हणजे १९४०च्या ऑलिंपिकला तो एकोणीस वर्षांचा असता आणि १९४४ला तेवीस. पण महायुद्धामुळे दोन्ही ऑलिंपिक झालीच नाहीत. खेळाडूच्या अंगात जी वर्षं सगळ्यात भरात असतात, ती अशी गेली. युद्धात तो अमेरिकी लष्करातून पॅसिफिकच्या आघाडीवर गेला. तिथे काविळीनं त्याला बेजार केलं. आणि हे लष्कर कसं होतं? गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. जगज्जेता असलास तरी रांग तीच.

युद्ध संपलं आणि डेव्हिस पुन्हा उभे राहिले. आता इथून पुढे मी त्यांना अहो-जाहोच करणार, कारण आता ते पोर राहिले नव्हते. १९४६ला पॅरिस, १९४७ला फिलाडेल्फिया, दोन्हीकडे हेवीवेटचे जगज्जेते. १९४७ हे साल आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून बेसबॉल खेळायला उतरला आणि गोऱ्यांपुरत्या राहिलेल्या लीगचं दार उघडलं. आपली मुलं शाळेत हे शिकतात, ते शिकायलाच हवं. पण त्याच ब्रुकलिनमध्ये तेव्हा एक काळा जगज्जेता आधीच राहत होता, हे कुणी शिकवत नाही.

मग आलं लंडन, १९४८. ऑलिंपिक सुरू झालं २९ जुलैला. त्याच्या तीन दिवस आधी, २६ जुलैला, अध्यक्ष ट्रुमन यांनी लष्करातला वर्णभेद संपवण्याच्या आदेशावर सही केली. डेव्हिस यांनी प्रेसमध्ये १३७.५, स्नॅचमध्ये १३७.५ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १७७.५, असं एकूण ४५२.५ किलो उचलून सुवर्ण घेतलं. दुसरा आला डेट्रॉइटचा नॉर्बर्ट शेमॅन्स्की, ४२५ किलोवर. दोघांत साडेसत्तावीस किलोंचं अंतर! याच लंडनमध्ये आपले खाशाबाही होते. मातीतला पैलवान पहिल्यांदाच गादीवर खेळला आणि सहावा आला.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९४९मध्ये, पॅरिसला एक वेगळाच प्रसंग घडला. त्याचा पदकाशी काही संबंध नाही. आपल्याकडे जेजुरीला दसऱ्याला खंडोबाचा बेचाळीस किलोंचा खंडा उचलतात ना, तशी फ्रान्समध्ये एक वस्तू होती. ‘अपोलॉं’ या नावानं खेळ करणाऱ्या एका जुन्या फ्रेंच बलवानाची रेल्वेची चाकं. लोखंडी आस आणि दोन्ही टोकांना चाकं, वजन १६६ किलो. डेव्हिस स्पर्धेत याहून जास्त उचलत होते, मग यात अवघड काय? तर त्या आसाची जाडी जवळजवळ पाच सेंटिमीटर होती, मुठीत मावायची नाही. शिवाय स्पर्धेतल्या बारप्रमाणे ती हातात फिरायची नाही. डेव्हिस यांचे हात तसे लहान. पुन्हा पुन्हा पकड निसटली. शेवटी त्यांनी एक हात सुलटा आणि एक उलटा अशी पकड घेतली, चाकं वर खेचली, आणि ती हवेत असतानाच उलटा हात सोडून, फिरवून, पुन्हा पकडली. मग खांद्यावरून डोक्यावर! आधी हे फ्रान्सच्या शार्ल रिगुलोला जमलं होतं, १९३०मध्ये. पुढे शेमॅन्स्कीनंही केलं. त्या चाकांसाठी कुणी पदक देत नव्हतं. पण तालमीतल्या माणसाला विचाराल तर तो हीच गोष्ट आधी सांगेल.

१९५१मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे डेव्हिस यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ४०२ पौंड उचलले. हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत ४०० पौंडांचा टप्पा ओलांडणारे ते पहिलेच. ४०२ पौंड म्हणजे किती, ते मुलांना असं सांगा. आपण इंडियन स्टोअरमधून वीस पौंडांची तांदळाची पिशवी आणतो, आणि गाडीतून स्वयंपाकघरात नेताना दोनदा खाली ठेवतो. तशा वीस पिशव्या, वर दोन पौंड तूरडाळ. हे सगळं एकदम डोक्यावर.

आणि मग हेलसिंकी. वय एकतीस. प्रेस १५०, स्नॅच १४५, क्लीन अँड जर्क १६५, एकूण ४६० किलो. दुसरा आला वॉशिंग्टनचा जेम्स ब्रॅडफर्ड. तोही कृष्णवर्णीय, आणि तो नोकरी करायचा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा बलवान माणूस दिवसा ग्रंथालयात काम करायचा! त्या ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगच्या सात सुवर्णांपैकी चार अमेरिकेनं घेतली, तीन सोव्हिएत संघानं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. चार सुवर्णं घेणारा देश, पंधरा वर्षं अजिंक्य माणूस. मग नाव का राहिलं नाही?

पहिलं कारण पैसा. त्याच काळातला जो लुई आठवा. तोही काळा, तोही हेवीवेट, पण मुष्टियोद्धा. १९३८च्या जूनमध्ये त्यानं जर्मनीच्या श्मेलिंगला पाडलं तेव्हा अख्खी अमेरिका रेडिओला कान लावून बसली होती. मुष्टियुद्धात तिकिटं विकली जायची, पैज लागायची, पैसा मिळायचा. वेटलिफ्टिंग हा हौशी खेळ. नियमच असा की खेळातून कमाई केलीत तर खेळायचा हक्क गेला. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी बॉब हॉफमन नावाचा कारखानदार बारबेल बनवायचा. त्याच्या यॉर्क बारबेल क्लबच्या आधारावर अमेरिकेचा संघ उभा राहिला. पण पोट भरायला प्रत्येकाला नोकरी हवीच. नोकरी सांभाळून सराव, नोकरी सांभाळून जगज्जेतेपद.

दुसरं कारण रंग. ते वेगळं समजावून सांगायला नको.

तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी खाशाबांकडे परत यावं लागेल. हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सरकारनं मात्र उपेक्षाच केली. पोलिसातली नोकरी १९५५ला मिळाली, अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. तरी खाशाबा विसरले गेले नाहीत, कारण त्यांना गाव होतं. गोळेश्वरच्या लोकांनी, कराडच्या तालमींनी, कोल्हापूरच्या वस्तादांनी ती गोष्ट सांगणं कधी सोडलं नाही. एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या कानात घातली. शेवटी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव लागलं आणि महाराष्ट्र सरकारनं त्यांचा वाढदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. सरकारला जाग आणली ती या सांगणाऱ्यांनी.

डेव्हिस यांच्यासाठी बैलगाड्या जुंपणारं कुणी नव्हतं. १९५३ला स्टॉकहोममध्ये कॅनडाच्या डग हेपबर्ननं त्यांना मागे टाकलं. हा हेपबर्न जन्मतःच पायात दोष असलेला माणूस, त्याचीही गोष्ट एकदा सांगण्यासारखी आहे. १९५६ला मेलबर्नसाठी डेव्हिस यांनी पुन्हा प्रयत्न केला, पण पायाच्या दुखापतीनं सगळं संपलं. तोवर जॉर्जियाच्या टोकोआ गावचा पॉल अँडरसन पुढे आला होता. १९५५ला मॉस्कोत अँडरसननं प्रेसमध्येच ४०० पौंडांच्या वर वजन नेलं. म्हणजे जे डेव्हिस यांनी चार वर्षांपूर्वी पायांचा जोर लावून केलं, ते यानं निव्वळ हातांनी केलं. मेलबर्नचं सुवर्णही त्याचंच. त्यानंतर आजतागायत अमेरिकेच्या हेवीवेटवाल्याला ऑलिंपिक सुवर्ण मिळालेलं नाही. विक्रम हा असाच असतो. तो मोडायलाच केलेला असतो, त्यात दुःख मानायचं कारण नाही.

डेव्हिस न्यूयॉर्क शहराच्या तुरुंग खात्यात नोकरी करत राहिले. दोन ऑलिंपिक सुवर्णं, ऑलिंपिक सोडून सहा जागतिक अजिंक्यपदं, बारा राष्ट्रीय अजिंक्यपदं, आणि कमरेला तुरुंगाच्या किल्ल्या. हे ऐकून कुणी ‘बिचारा’ म्हणू नये. ती कष्टाची, सन्मानाची नोकरी होती. खाशाबाही पोलीसच होते. ताकदीच्या माणसाला दोन्ही देशांनी दिलेलं काम सारखंच निघालं, ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आणि आता दोन तारखा सांगतो. १९८४ साली ऑलिंपिक लॉस एंजेलिसला भरलं. २८ जुलैला उद्घाटन, १२ ऑगस्टला समारोप. प्रायोजक, जाहिराती, टीव्हीचे हक्क, हौशी खेळाचा जमाना मागे पडून पैशाचा जमाना सुरू झाला तो इथून. त्याच्या उद्घाटनाआधी पंधरा दिवस, १३ जुलैला, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत जॉन डेव्हिस कर्करोगानं गेले. वय त्रेसष्ट. समारोपानंतर दोन दिवसांनी, १४ ऑगस्टला, अपघातात खाशाबा गेले. वय अठ्ठावन्न. एकाच हॉलमध्ये चार दिवसांच्या अंतरानं पदक घेतलेली ही दोन माणसं एका महिन्याच्या अंतरानं गेली, आणि मधे होतं ते ऑलिंपिक.

आपण परदेशात राहणारी माणसं. आपला अनुभव असा की गावापासून लांब गेलं की माणसाची गोष्टही हळूहळू विरत जाते. म्हणून तर आपण मंडळं काढतो, शाळा चालवतो, असे रेडिओचे कार्यक्रम करतो. ते आपल्या माणसांसाठी करतोच. पण ज्या मातीत आपली मुलं वाढतायत त्या मातीतलीही काही माणसं अशी आहेत, ज्यांना सांगणारं गाव मिळालं नाही. त्यांच्यापैकी एखाद्याचं गाव आपण व्हायला काय हरकत आहे?

फेब्रुवारीत शाळेत ब्लॅक हिस्टरी मंथ असतो. मुलांना निबंध लिहायचा असतो, आणि दरवर्षी तीच चार नावं निवडली जातात. या वेळी मुलाला किंवा मुलीला जॉन डेव्हिस सुचवा. व्हिएन्ना, ब्रुकलिन, पॅरिसची चाकं, हेलसिंकीचा हॉल, एवढं सांगितलंत तरी निबंध लिहून होईल. त्यात एक परिच्छेद खाशाबांचा घालता येईल, तो बोनस. पेनसिल्व्हेनियात आय-८३ वरून जात असाल तर यॉर्कजवळ यॉर्क बारबेलच्या इमारतीवर वजन उचलणाऱ्या माणसाचा फिरता पुतळा दिसतो. तिथे वेटलिफ्टिंगचं हॉल ऑफ फेमही आहे. उघडं आहे का ते आधी बघा आणि मुलांना दाखवा.

२०२८ला ऑलिंपिक पुन्हा लॉस एंजेलिसला येतंय. ज्या शहरात डेव्हिस यांनी ४०२ पौंड डोक्यावर नेले, त्याच शहरात. आपल्यातली बरीच कुटुंबं तिकिटांच्या मागे लागतील. भारताच्या सामन्यांना जाऊच, आणि मिळालं तर एक तिकीट वेटलिफ्टिंगचंही काढा. शेवटचा माणूस शेवटचं वजन उचलत असेल, हॉल शांत झालेला असेल, तेव्हा शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला हळूच सांगा, ‘इथे फार पूर्वी एक माणूस होता बरं का...’

पुढच्या रविवारी पुन्हा भेटू. तोवर जोर-बैठका चालू ठेवा. नमस्कार.